विन्स्लो लुईस आणि अमेरिकेची सुरुवातीची दीपगृहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीपगृहांचा इतिहास वाचणाऱ्यांकडून ज्या एका माणसाबद्दल सतत विचारणा होते, तो म्हणजे बॉस्टनचा विन्स्लो लुईस. कोणी त्याला अमेरिकेच्या किनाऱ्यावर उजेड पाडणारा म्हणतो, कोणी त्याच किनाऱ्यावर अंधार ठेवणारा. दोन्ही मतांना आधार आहे, म्हणूनच प्रश्न संपत नाहीत. आलेले प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विन्स्लो लुईस म्हणजे नेमका कोण?

मॅसॅच्युसेट्समधल्या वेलफ्लीट या गावी १७७० मध्ये जन्मलेला दर्यावर्दी. बॉस्टन ते लिव्हरपूल अशा फेऱ्या करणाऱ्या जहाजांवर तो कप्तान होता. बॉस्टन मरीन सोसायटी या कप्तानांच्या संस्थेत त्याचे वजन होते आणि ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात बॉस्टनच्या किनारारक्षक स्वयंसेवकांचे नेतृत्व त्याने केले. पण इतिहासात त्याचे नाव राहिले ते दुसऱ्याच कामामुळे. १८१२ पासून पुढची जवळपास तीस वर्षे अमेरिकी सरकारच्या दीपगृहांमधले दिवे त्याचे होते, बराच काळ तेल त्याचे होते आणि कित्येक मनोरेही त्यानेच बांधले. १८५० मध्ये तो बॉस्टनमध्ये वारला.

२. कप्तान माणूस दिव्यांच्या धंद्यात कसा शिरला?

१८०७ च्या डिसेंबरात अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली. इंग्लंड-फ्रान्सच्या भांडणात आपली जहाजे सापडू नयेत हा हेतू, पण बॉस्टनची जहाजे धक्क्याला बांधून पडली आणि कप्तान घरी बसले. लुईस त्यांच्यापैकीच एक.

रात्री किनारा गाठताना दिवा दिसला नाही तर काय होते हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या वेळच्या दीपगृहांत तेलाच्या उथळ परातीत चार-चार वाती सोडलेल्या असत. या दिव्याचा धूर इतका झोंबरा की रखवालदाराला दिव्याच्या खोलीत फार वेळ थांबता येत नसे, आणि काजळीने काचा काळ्या पडत. लुईसने याला पर्याय बनवला, १८१० मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि बॉस्टनच्या दीपगृहात तो लावून दाखवला. बॉस्टनचा जकात अधिकारी हेन्री डिअरबॉर्न याच्याकडे तिथल्या दीपगृहांची देखरेख असे. त्याने वॉशिंग्टनला अनुकूल अहवाल पाठवला. मार्च १८१२ मध्ये काँग्रेसने ६०,००० डॉलरपर्यंत खर्चाला मंजुरी दिली: पेटंट विकत घ्यायचे आणि देशातल्या सगळ्या, म्हणजे त्या वेळच्या ४९, दीपगृहांत हे दिवे बसवायचे. काम झपाट्याने सुरू झाले. १८१३ मध्ये दिवे घेऊन जाणारे त्याचे जहाज ब्रिटिशांनी पकडले, त्यामुळे उरलेली दीपगृहे युद्ध संपेपर्यंत खोळंबली.

३. त्याच्या दिव्यात होते तरी काय?

तीन गोष्टी. पहिली म्हणजे आर्गां या स्विस संशोधकाच्या पद्धतीची वात. ही वात नळीसारखी गोल आणि आतून पोकळ असते. हवा आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडून मिळते, वर काचेची चिमणी असते, त्यामुळे ज्योत स्वच्छ जळते आणि धूर जवळपास होत नाही. दुसरी गोष्ट ज्योतीमागचा तांब्याचा वाडगा. त्याला आतून चांदीचा मुलामा दिलेला असे, म्हणजे मागे जाणारा उजेड परावर्तित होऊन समुद्राकडे यावा. तिसरे, ज्योतीपुढे जाड काचेचे गोल भिंग.

असे अनेक दिवे लोखंडी चौकटीवर कडेने लावत. कुठे आठ, कुठे दहा, मोठ्या दीपगृहात त्याहून जास्त.

४. मग हा दिवा चांगला म्हणायचा की वाईट?

कशाशी तुलना करता त्यावर ठरते, आणि लुईसबद्दलचे बहुतेक वाद इथेच घोटाळतात.

परातीतल्या वातींच्या मानाने तो निःसंशय चांगला होता. उजेड जास्त, धूर नाही, आणि तेल निम्म्याहून कमी. स्पर्म व्हेलचे तेल महाग असायचे, त्यामुळे ही बचत वॉशिंग्टनला सगळ्यात आधी दिसली. पण ब्रिटनमध्ये त्याच काळात वापरात असलेल्या परावर्तकांच्या तुलनेत तो फारच कमी पडत होता. परावर्तकाचा आकार अचूक परवलय असेल तरच सगळे किरण सरळ एका दिशेने जातात. ब्रिटिश कारागीर जाड तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून, साच्यावर ताडून तो आकार आणत. लुईसचा पत्रा पातळ, सहज वाकणारा, आणि आकार नजरेनेच साधलेला. चांदीचा थर इतका पातळ की रखवालदाराने रोज पॉलिशची पूड लावून घासता घासता तो निघून जाई आणि खालचे तांबे उघडे पडे. भिंगाची काच हिरवट होती. तिने उजेड वाढण्याऐवजी अडायचा. पुढे ही भिंगे काढूनच टाकावी लागली.

१८१२ मध्ये हा दिवा घेणे चूक नव्हते. १८४० पर्यंत तोच ठेवणे ही चूक होती.

५. हा शोध त्याचा स्वतःचा होता का? नसेल तर पेटंट मिळाले कसे?

स्वतःचा म्हणता येणार नाही. आर्गांचा दिवा १७८० च्या दशकातला. लिव्हरपूल बंदरातल्या दीपगृहांत विल्यम हचिन्सनने परावर्तक लावले ते त्याच्याही आधी, आणि लुईसच्या सफरी लिव्हरपूललाच होत असत.

पेटंटचे उत्तर कायद्यात आहे. १७९३ ते १८३६ या काळात अमेरिकेत अर्जातली कल्पना खरोखर नवी आहे का हे सरकार तपासतच नसे. अर्ज करा, शुल्क भरा, नोंद होते. वाद झाला तर कोर्टात जा. लुईसने फसवून पेटंट मिळवले असे म्हणणारे ही गोष्ट विसरतात.

६. दिवे बसवणारा माणूस मनोरे कधीपासून बांधू लागला?

युद्धानंतर. देशाचा किनारा वाढत होता. लुइझियाना विकत घेतले होते, अलाबामा राज्य झाले होते, फ्लोरिडा लवकरच ताब्यात येणार होता. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर दीपगृहे हवी होती आणि तिकडे जाऊन काम करणारे अनुभवी कंत्राटदार मोजके. लुईसकडे जहाजांची माहिती होती, बॉस्टनमधल्या गवंड्यांशी ओळखी होत्या, आणि दिव्यांमुळे सरकारी कचेरीत नाव होते. जॉर्जियातले सॅपेलो बेट आणि कंबरलंड बेट (१८२०), अलाबामातले मोबाइल पॉइंट (१८२२), फ्लोरिडातले पेन्साकोला (१८२४) ही त्याची सुरुवातीची कामे.

त्याची पद्धत ठरलेली. गोल, वर निमुळता होत जाणारा विटांचा किंवा दगडांचा मनोरा, पायथ्याशी जाड भिंत, वर अष्टकोनी लोखंडी कंदीलघर, शेजारी रखवालदाराचे छोटे घर. उंचीनुसार त्याने काही नमुने तयार केले आणि सरकार तेच नमुने निविदेत छापू लागले. म्हणजे काम कसे असावे हे लुईस लिहून देणार, आणि त्याच कामासाठी बोलीही लुईसच लावणार. यातली गफलत त्या काळच्या इतर कंत्राटदारांनाही दिसत होती.

७. फ्रँक्स आयलंडच्या कोसळलेल्या दीपगृहाचा दोष लुईसचा का?

नाही. उलट बांधकाम करणारा म्हणून लुईस सगळ्यात उजवा ठरला तो इथेच.

मिसिसिपीच्या मुखाशी चिखलाच्या बेटावर दीपगृह बांधायचे होते. आराखडा बेंजामिन लाट्रोब याचा. वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलवर काम केलेला, त्या काळातला अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला वास्तुकार. त्याने मधोमध मनोरा आणि त्याभोवती दगडी खांबांची इमारत अशी भव्य वास्तू कागदावर उतरवली. देखणी, पण प्रचंड वजनाची. खाली मात्र नदीने आणून टाकलेला गाळ. काम घ्यायला कोणी पुढे येईना. लुईसने आराखडा पाहून ही जमीन एवढे वजन पेलणार नाही असे सांगितले, आणि आराखड्यातल्या दोषाची जबाबदारी आपली नाही अशी अट करारात घालून घेतली. मगच कामाला हात घातला.

१८२० मध्ये काम संपत आले आणि पाया खचला. भिंतींना तडे गेले, खांब निखळले. सुमारे ८५,००० डॉलर चिखलात गेले. लाट्रोब त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्समध्ये पिवळ्या तापाने वारला.

त्यानंतर लुईसने ९,७५० डॉलरमध्ये साधा मनोरा बांधून देतो असे कळवले, पडलेल्या इमारतीचेच बरेच साहित्य वापरून. १८२३ मध्ये तो पेटला. गाळात हळूहळू रुतत गेला, पण सरळ राहिला, आणि एकविसावे शतक उजाडेपर्यंत पाण्यात उभा होता. किती वजन पेलेल हे जमिनीला विचारून बांधले की काय होते, ते या एका जागेवर दिसते.

८. त्याने एकूण किती दीपगृहे बांधली?

ऐंशीच्या आसपास हा आकडा नेहमी दिला जातो. तो वापरताना एक काळजी घ्या. जुन्या याद्यांमध्ये तीन प्रकारची कामे एकाच नावाखाली येतात: लुईसच्या माणसांनी बांधलेली, लुईसने कंत्राट घेऊन दुसऱ्याला पोटकंत्राटाने दिलेली, आणि मनोरा दुसऱ्याचा पण दिवे लुईसचे अशी. एखाद्या दीपगृहाच्या पाटीवर लुईसचे नाव दिसले तर आधी यातला प्रकार ओळखा. पुढचा प्रश्न त्यासाठीच आहे.

९. भिंती पोकळ बांधून सरकारला फसवले, ती गोष्ट लुईसची ना?

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

फ्लोरिडातले सेंट मार्क्स: कंत्राट लुईसचे, पण प्रत्यक्ष काम बील आणि थेअर या पोटकंत्राटदारांचे. करारात भरीव भिंत लिहिलेली असताना त्यांनी आत एक आणि बाहेर एक अशा दोन पातळ भिंती उभ्या करून मधली जागा मोकळी सोडली. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही, विटा आणि गारा मात्र भरपूर वाचतो. स्थानिक जकात अधिकाऱ्याने मनोरा ताब्यात घ्यायला साफ नकार दिला. मग कॅल्व्हिन नोल्टनकडून नव्याने बांधून घेतला आणि १८३१ मध्ये दिवा लागला.

केप फ्लोरिडा: तिथेही भिंती पोकळ निघाल्या, पण १८२५ चे ते काम सॅम्युएल लिंकन या दुसऱ्याच कंत्राटदाराचे. लुईसचा त्या भिंतींशी संबंध नाही.

सेंट मार्क्सची नैतिक जबाबदारी मात्र मी लुईसवर टाकतो. करारावर सही त्याची होती. बॉस्टनला बसून फ्लोरिडातले काम विकून टाकायचे आणि तपासायला कोणी पाठवायचे नाही, हा हलगर्जीपणा आहे.

१०. स्टीफन प्लेझन्टनचे नाव सारखे येते. तो कोण?

अर्थखात्यातला पाचवा लेखापरीक्षक. १८२० पासून १८५२ पर्यंत देशातली सगळी दीपगृहे त्याच्या टेबलावर होती. त्याला ना समुद्राचा अनुभव, ना बांधकामाचा. माणूस स्वच्छ होता. १८१४ मध्ये ब्रिटिश वॉशिंग्टन जाळायला आले तेव्हा परराष्ट्र खात्यात कारकून असलेल्या याच प्लेझन्टनने स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि इतर मूळ कागद जाड लिननच्या पिशव्यांत भरून शहराबाहेर सुरक्षित नेले.

हिशेबाला तो पक्का होता. मंजूर रकमेतले पैसे उरवून परत करण्याचा त्याला अभिमान वाटे. तांत्रिक प्रश्न आला की तो लुईसला विचारी आणि लुईसचा शब्द अखेरचा मानी. त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला ५५ दीपगृहे होती, अखेरीस ३३१. इतकी वाढ झाली, पण ती मोजताना दिवा किती लांबून दिसतो हा रकाना कुठेच नव्हता.

११. तेलाचा करार काय होता? आणि गॅसच्या दिव्याचे काय झाले?

१८१६ पासून सगळ्या दीपगृहांना तेल पुरवणे आणि दिवे दुरुस्त ठेवणे हे कामही लुईसकडे आले. पूर्वी जितके तेल लागे त्याच्या हिशेबाने करार झाला होता, म्हणून दिव्यांनी जितके कमी तेल खाल्ले तितका लुईसचा फायदा. वर्षातून एकदा प्रत्येक दीपगृहाला भेट देऊन स्थिती कळवायची, हेही त्याच्याकडेच. स्वतः बसवलेल्या दिव्यांची तपासणी स्वतःच करायची अशी ही व्यवस्था.

न्यूपोर्टच्या डेव्हिड मेलव्हिलने १८१७ मध्ये ऱ्होड आयलंडच्या बीव्हरटेल दीपगृहात गॅसचा दिवा लावून दाखवला. प्रयोग चांगला चालला, पण सरकारने तो पुढे नेला नाही. मेलव्हिलने १८१९ मध्ये पुस्तिका छापून लुईसवर जाहीर आरोप केले. आरोपांतला राग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: तेल विकणाऱ्यालाच गॅसविषयी सल्ला विचारला जात होता.

१२. पुतण्यानेच त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिला हे खरे?

खरे. आय. डब्ल्यू. पी. लुईस हा स्थापत्य अभियंता. अर्थमंत्र्यांच्या सांगण्यावरून १८४२ मध्ये त्याने मेन, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची दीपगृहे एकेक करून तपासली. १८४३ चा त्याचा अहवाल वाचवत नाही. उथळ पाये, भुसभुशीत गारा, गळणारी कंदीलघरे, वाकडे परावर्तक. काकाने त्याच वर्षी उत्तर छापले, प्लेझन्टननेही पुतण्याच्या हेतूवर बोट ठेवले. पुतण्या स्वतः नव्या पद्धतीचे दिवे बसवण्याची कामे घेत होता, तेव्हा त्याचा स्वार्थ होताच. पण पुढे १८५१-५२ च्या मोठ्या चौकशीत तटस्थ माणसांनाही साधारण तेच आढळले.

बांधकामाच्या दोषांचे सगळे खापर लुईसवर फुटत नाही. ती कामे अनेक कंत्राटदारांची होती. कारण मात्र समान: ठरीव रक्कम, सर्वांत कमी बोली, आणि देखरेखीला गावातलाच एखादा सुतार किंवा गवंडी.

१३. फ्रेनेलची भिंगे फ्रान्समध्ये १८२३ पासून होती. अमेरिकेला एवढा उशीर का?

किंमत, आणि १० व्या उत्तरातली कचेरी. फ्रेनेलचे भिंग म्हणजे दिव्याचा उजेड एकवटून समुद्राकडे वळवणारी काचेच्या कड्यांची रचना. असे एक मोठे भिंग आणायचे तर हजारो डॉलर लागत. प्लेझन्टनला ते उधळपट्टी वाटे, आणि लुईसला अर्थातच त्याची गरज वाटत नव्हती.

दबाव बाहेरून आला. किनाऱ्याच्या मार्गदर्शिका छापणाऱ्या ब्लंट बंधूंनी १८३७ मध्ये अर्थमंत्र्यांकडे सविस्तर तक्रार केली. कप्तान लोक त्यांना रोज भेटत, त्यामुळे त्यांना खरी स्थिती माहीत होती. काँग्रेसने १८३८ मध्ये नौदलाच्या अधिकाऱ्यांकडून पाहणी करवली. मॅथ्यू पेरी, जो पुढे जपानला आरमार घेऊन गेला, त्याने फ्रान्समधून दोन भिंगे आणवली. १८४१ मध्ये ती न्यू जर्सीच्या नेव्हसिंक इथल्या जोडदीपगृहांत बसली. फरक कोणालाही दिसण्यासारखा होता. तरी सगळीकडे बदल व्हायला १८५२ चे दीपगृह मंडळ यावे लागले. त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत डेव्हिड पोर्टरसारखा नौदल अधिकारी नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटरासचा दिवा जगातला सर्वांत वाईट दिवा असल्याचे लिहून कळवत होता. त्या धोकादायक उथळ समुद्रावरही लुईस पद्धतीचेच दिवे होते.

१४. अमेरिकेतला पहिला दीपगृह बांधणारा लुईसच का?

नाही. बॉस्टनचे पहिले दीपगृह १७१६ चे. संघराज्य सरकारने बांधलेले पहिले दीपगृह व्हर्जिनियातले केप हेन्री, १७९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन मॅककोमने बांधले. माँटॉक पॉइंट (१७९६) आणि ईटन्स नेक हीही त्याचीच. तिन्ही आजही उभी आहेत.

दोघांची तुलना करणाऱ्यांना एक सांगतो. केप हेन्रीला खणताना वाळू सरकू लागली आणि पाया ठरल्यापेक्षा खोल न्यावा लागला. मॅककोमचा करार १५,२०० डॉलरचा होता. सरकारने वाढीव पायासाठी २,५०० डॉलर वेगळे दिले. प्लेझन्टनच्या काळात असे काही मागणाऱ्या कंत्राटदाराला कोणी दाद दिली नसती. पाये उथळ का राहिले याचे अर्धे उत्तर इथे आहे.

१५. लुईसने बांधलेले काही आज पाहता येते का?

हो. सॅपेलो बेटावरचा १८२० चा मनोरा दुरुस्त करून १९९८ मध्ये पुन्हा पेटवला. फ्लोरिडातल्या अमेलिया बेटावरचे दीपगृह हे लुईसच्या कंबरलंड बेटावरच्या मनोऱ्याचे साहित्य उतरवून १८३८ मध्ये नव्या जागी उभारलेले आहे. पेन्साकोलाचा आजचा उंच मनोरा मात्र १८५९ चा. लुईसचा तिथला मनोरा चाळीसेक फुटांचा होता आणि दिवा झाडांआड जाई.

१६. मस्किटो इनलेटचे दीपगृह बांधले, पण पेटलेच नाही. असे का?

मनोरा १८३५ मध्ये पूर्ण झाला, लुईसनेच बांधला. तेल पोहोचलेच नाही. वादळाने रखवालदाराचे घर वाहून नेले आणि मनोऱ्याखालची वाळू उपसली. डिसेंबरात फ्लोरिडातल्या सेमिनोल आदिवासींशी युद्ध पेटले, त्यामुळे दुरुस्तीला कोणी जाऊ शकले नाही. १८३६ मध्ये मनोरा पडला. फ्लोरिडाच्या सुट्या वाळूवर नेहमीचाच नमुना उभारला, हे इथे भोवले. मिसिसिपीवर दाखवलेला विवेक (प्रश्न ७) इथे दिसत नाही.

१७. जुन्या कागदात नुसते ‘लुईस’ लिहिलेले असेल तर कोणता लुईस समजायचा?

साल आणि साहित्य बघा. १८३५ च्या आधीचे, विटा-दगडांचे किंवा परावर्तकांचे काम असेल तर काका विन्स्लो. १८४० नंतर भिंगे, लोखंडी सांगाडा किंवा प्रवाळावरचे बांधकाम असेल तर बहुधा पुतण्या. कॅरिसफोर्ट रीफचे लोखंडी दीपगृह, जे १८५२ मध्ये जॉर्ज मीडने पूर्ण केले, त्याचा आराखडा पुतण्याचा. आणि ‘डॉक्टर विन्स्लो लुईस’ असे लिहिले असेल तर तो कप्तानाचा मुलगा, बॉस्टनमधला वैद्य. त्याचा दीपगृहांशी संबंध नाही.